फेणी, मिरची आणि आईचे गुडघे : प्रकल्प नोंदी

१६ मार्च २०२४

आईचं वय ७१. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, उजवा थोडा जास्त. एक्स-रे काढून झाला, डॉक्टरांनी व्यायाम दिले, वजन उतरवायला सांगितलं, दुखलं तर पॅरासिटामॉल. मधुमेहाची गोळी आधीपासून चालू आहे. व्यायाम ती करते. गोळी मात्र टाळते, आणि रात्री दोन-तीन वेळा उठून गुडघे चोळत बसते.

तिची आई, म्हणजे माझी आजी, फेणीत जायफळ आणि मिरची घालून बाटली ठेवायची आणि सांध्यांना चोळायची. आईला तेच हवं आहे. आजीचं माप कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून मी करून बघणार आहे आणि जे जमलं, जे फसलं ते इथे लिहिणार आहे. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून २६ वर्षं काम केलं, त्यामुळे मोजायची आणि लिहायची सवय आहे.

डॉक्टरांना आधी विचारलं. त्यांनी तीन गोष्टी बजावल्या. पोटात काहीही घ्यायचं नाही. फुटलेल्या कातडीवर लावायचं नाही. गुडघा लाल झाला, गरम लागला किंवा एकाएकी सुजला तर चोळणं बंद करून दवाखान्यात यायचं. हे तिन्ही वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत.

१८ मार्च

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सध्या काजूचा हंगाम भरात आहे. वाळपईच्या रस्त्याला लागलं की बोंडवांचा वास येतो. शेजारच्या काकींची परवान्याची भट्टी आहे, तिथे गेले. झाडाखाली आपोआप गळून पडलेली बोंडंच गोळा करतात, काढून आणलेली नाहीत. बी पिरगळून वेगळी, बोंडू कोळंबीत (बोंडं तुडवायच्या खळग्यात) तुडवून रस काढायचा, तो दोन-तीन दिवस आंबवायचा आणि मग भट्टीला लावायचा. पहिल्या धारेचा हुर्राक. हुर्राकात पुन्हा आंबवलेला रस घालून दुसऱ्यांदा काढली की फेणी.

काकी म्हणाल्या, "चोळायला फेणी कशाला वाया घालवतेस, हुर्राक ने." अर्धी बाटली तशीच दिली, पैसे घेतले नाहीत.

२१ मार्च

हुर्राक नापास. तीन दिवस नुसता चोळला. लावताना गार वाटतं, पाच मिनिटांत सुकतं आणि पुढे काही नाही. त्यात पाण्याचा भाग जास्त, मद्यार्क फेणीच्या मानाने कमी. दोन मिरच्या टाकून ठेवल्या होत्या, पाण्याला रंग आला पण जिभेला टेकवून पाहिलं तर तिखटपणा नावालाच. मिरचीतला तिखट अंश पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मद्यार्कात आणि तेलात विरघळतो. हे मला माहीत असायला हवं होतं. तीन दिवस गेले.

फेणी आणली. ७५० मिली, ₹५००. मद्यार्क ४२-४३ टक्क्यांच्या घरात.

२४ मार्च : घाणा १

आजीच्या बाटलीची आईला जेवढी आठवण आहे त्यावरून :

फेणी १५० मिली
सुकी लवंगी मिरची ५० ग्रॅम, देठ काढून भरड कुटलेली
जायफळ २, किसून (कुळागरातली म्हणजे पोफळीच्या बागेतली, ओळखीच्यांनी दिलेली)

सगळं काचेच्या बरणीत. झाकण घट्ट, बरणी अंधारात, रोज एकदा हलवायची. कुटताना तोंडाला फडकं बांधलं होतं तरी अर्धा तास शिंका आणि खोकला. पुढच्या वेळी अंगणात, वारा पाठीकडून येईल असं बसायचं.

मिरच्या फुगून वर आल्या आणि फेणी पुरेना. भर घालायचा मोह झाला, पण माप बिघडेल म्हणून घातली नाही. प्रमाण चुकतंय हे तेव्हाच कळायला हवं होतं. १५० मिलीत ५० ग्रॅम म्हणजे अर्कापेक्षा चटणी जास्त.

३१ मार्च

दुहेरी मलमलीतून गाळलं. १५० मिलीतून हातात आलं जेमतेम ८५ मिली, बाकी चोथ्याने पिऊन टाकलं. रंग गडद लाल. तळाला पांढुरका साका बसला आहे, तो जायफळाचा. जायफळात चरबी बरीच असते, एवढ्या मद्यार्कात ती धड विरघळत नाही. वरून निथळून घेतलं तरी बाटलीच्या मानेला चिकट कडं राहिलंच.

संध्याकाळी आईने कढत पाण्याने आंघोळ केली. आल्या आल्या दोन्ही गुडघ्यांना लावलं, वरून लोकरीची पट्टी बांधली. आजी तशीच बांधायची म्हणे.

दहा मिनिटांत आई ओरडली, "भाजता गो! पुसून काड ता!"

मी घाबरले आणि पाणी ओतलं. पाण्याने आग आणखी पसरली. मग खोबरेल चोपडून कापसाने पुसलं, परत खोबरेल, परत पुसलं, त्यानंतर साबण आणि गार पाणी. तासाभराने आग सोसवेल इतकी झाली. कातडी लाल, पण फोड नाहीत. रात्री दोघीही झोपलो नाही.

१ एप्रिल

सकाळी दवाखान्यात दाखवून आणलं. जखम नाही, पण आठ दिवस गुडघ्यांना काहीही लावायचं नाही.

काल काय काय चुकलं ते लिहून ठेवते, कारण कुणी हे करणार असेल तर त्याच्या आईवर ही वेळ येऊ नये.

मिरची तिपटीहून जास्त होती. सुक्या तिखट मिरचीत तिखट अंश साधारण ०.३ टक्के धरला तर माझ्या अर्कात तो ०.१ टक्क्याच्या आसपास गेला. औषधाच्या दुकानातलं मिरचीच्या अर्काचं सौम्य मलम ०.०२५ टक्के असतं. म्हणजे मी पहिल्याच दिवशी चौपट लावलं.

गरम पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच लावलं. गरम कातडीवर आग कितीतरी वाढते.

वरून पट्टी बांधली. आजी बांधायची तेव्हा तिच्या बाटलीत मिरच्या किती होत्या देव जाणे.

आणि सगळ्यात मोठी चूक, आधी माझ्या स्वतःच्या मनगटावर चाचणी घेतली नाही. प्रयोगशाळेत मुलांना २६ वर्षं जे सांगितलं ते घरी केलं नाही.

उरलेला ८० मिली अर्क फेकला नाही. चिठ्ठी लावून कपाटात वर ठेवला. मापाला उपयोगी पडेल.

३ एप्रिल : घाणा २

भीतीने उलट टोकाला गेले. ३० ग्रॅम मिरची घेतली, पण चिरून बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा सगळ्या झटकून काढल्या. "बिया काढल्या की सौम्य होतं" असं आपण स्वयंपाकघरात म्हणतोच. फेणी १५० मिली, जायफळ एक.

११ एप्रिल

पाडव्याच्या गडबडीत गाळायला एक दिवस उशीर झाला. रंग सुंदर, तिखटपणा शून्याच्या जवळ. मनगटावर लावून अर्धा तास बसले, काही नाही. गुडघ्यांना लावायची परवानगी आता आहे म्हणून आईलाही लावला, "ह्यापेक्षा हुर्राक बरो" असं तिचं मत पडलं.

कारण साधं आहे. मिरचीचा तिखटपणा मुख्यतः त्या पांढऱ्या शिरांत असतो. बियांना तो शिरांजवळ चिकटून लागतो, साल त्यामानाने सौम्य. मी शिरा काढून टाकल्या आणि रंग तेवढा फेणीत उतरवला. आठ दिवस आणि १५० मिली फेणी गेली.

१३ एप्रिल

अंदाजावर किती दिवस काढायचे? तिखट मोजायला हवं. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने मिरचीचा तिखटपणा मोजायची जी रीत काढली तिला यंत्र लागत नाही. मिरचीचा मद्यार्कातला अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, तिखट लागायचं थांबेपर्यंत. घाण्यांची आपसात तुलना करायला ती पुरेशी आहे.

साहित्य : शाळेतून निवृत्त होताना मिळालेली जुनी १ मिलीची पिपेट, १०० मिलीचं मोजपात्र, साखरेचं पाणी. १ मिली अर्क १०० मिलीत, त्यातलं १० मिली घेऊन परत १०० मिलीत, असं. चाखायला मी आणि भाचा. दोन चाखण्यांमध्ये दहा मिनिटं थांबायचं आणि दह्याचा चमचा घ्यायचा, नाहीतर जीभ बधिर होऊन पुढचं सगळं खोटं येतं. पहिल्या फेरीत आम्ही थांबलो नाही, ती फेरी रद्द केली.

घाणा १ : सुमारे १०,००० पट पातळ केल्यावर तिखट संपलं
घाणा २ : सुमारे १,००० पट

मला हवं ते या दोन्हींच्या मध्ये, २,५०० ते ३,००० च्या आसपास, कारण पहिला घाणा दुकानी मलमाच्या चौपट धरला आहे.

घाणा ३ लगेच घातला : फेणी १०० मिली, लवंगी मिरची १० ग्रॅम, शिरांसकट. जायफळ नाही. एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

१९ एप्रिल

आज एकादशी. घाणा २ संपवावा म्हणून आई सकाळी तोच गुडघ्यांना लावून देवळात गेली. परत आली ती डोळ्यांत पाणी घेऊन. शेजारी बसलेल्या बाईने पदर नाकाला लावला आणि उठून दुसरीकडे बसली. फेणीचा वास सुकल्यावरही जात नाही, हे आमच्या घरात आम्हाला जाणवेनासं झालं होतं. आयुष्यभर माळकरी असलेल्या बाईला एकादशीला दारूच्या वासाने लाज वाटावी, हे मला फार लागलं. आजपासून नियम : फेणीचं औषध फक्त दुपारी आणि रात्री, जुन्या चादरीवर. देवळाच्या दिवशी सकाळी काही नाही.

२१ एप्रिल

घाणा ३ गाळला, ७८ मिली. चाखणी : साधारण ३,५०० पट. मनगटावर चाचणी : पाच मिनिटांनी ऊब, वीस मिनिटांनी चुरचुर, तासाभरात शांत. लाली किरकोळ. हा चालेल.

उद्यापासून मोजून चालवते. डाव्या गुडघ्याला घाणा ३, उजव्याला नुसती फेणी. दोन्हीला तेवढीच मिनिटं चोळायचं, प्रत्येकी पाच, घड्याळ लावून. रात्री एकदा, दुपारी एकदा. मी हातमोजे घालून लावणार. नोंदी तीन : दुखणं १० पैकी किती, सकाळी उठल्यावर पाय मोकळे व्हायला किती मिनिटं, रात्री किती वेळा जाग.

आईला न सांगता करता आलं असतं तर बरं, पण चुरचुरणारी बाटली कुठली हे तिला कळणारच.

२७ एप्रिल

पाच दिवस झाले. दोन्ही गुडघ्यांत फरक नाही. डावा चुरचुरतो म्हणून आई वैतागली आहे. थांबायचं नाही असं ठरवलं. मिरचीचा अर्क पहिल्या दिवशी दुखणं कमी करत नाही. तोच तोच लावत राहिलं की दुखण्याची बातमी नेणारे कातडीतले मज्जातंतू हळूहळू मंद होतात, त्याला एक-दोन आठवडे जातात. मध्ये खाडा पडला की चुरचुर पहिल्यापासून.

६ मे

दोन आठवडे पूर्ण.

डावा (मिरची) : ६ वरून ४
उजवा (नुसती फेणी) : ७ वरून ६
सकाळचा ताठरपणा : २५ मिनिटांवरून १५
जाग : तीनदा ऐवजी एकदा

एक कबुली. तीन रात्री आईने मी झोपल्यावर उठून हाताला लागली ती बाटली दोन्ही गुडघ्यांना लावली. त्या तीन रात्री वहीतून गाळल्या आहेत, पण दोन गुडघ्यांची वेगवेगळी नोंद त्यामुळे शुद्ध राहिली नाही. बाटल्या सारख्या होत्या ही माझी चूक. आता मिरचीच्या बाटलीला लाल लोकर गुंडाळली आहे, अंधारातही हाताला लागते.

उजवा नुसत्या फेणीने का होईना एक पायरी उतरला. ते फेणीचं काम की रोजच्या दहा मिनिटांच्या चोळण्याचं? मला चोळण्याचं वाटतं. तेवढा वेळ आई बोलते, पाय सैल सोडते.

आजपासून बाजू बदलल्या.

९ ते १८ मे : बेदाण्यांचं प्रकरण

न्यू जर्सीच्या मावसभावाने आग्रह धरला की तिकडे सगळे जिनमध्ये भिजवलेले बेदाणे खातात. पॉल हार्वी नावाच्या रेडिओ निवेदकाने १९९० च्या दशकात सांगितल्यापासून हा उपाय अमेरिकेत घरोघरी गेला. पिवळे बेदाणे, ते बुडतील इतकी जिन, उघड्या भांड्यात आठवडाभर, जिन उडून गेली की रोज नऊ. कुणी म्हणतं गुण जिनमधल्या ज्युनिपर फळांचा, कुणी म्हणतं बेदाणे पिवळे राहावेत म्हणून दिलेल्या गंधकाच्या धुरीचा.

आईला देणार नव्हतेच. पोटात काही नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं आहे, आणि मधुमेहाच्या माणसाला बेदाणे म्हणजे साखरच. पण करायची रीत तरी इथे चालते का बघावं म्हणून मावसभावाच्या समाधानासाठी तासगावचे २०० ग्रॅम बेदाणे (₹८०) फेणीत घातले. मे महिन्यातल्या आमच्या दमट हवेत ते सुकलेच नाहीत. मद्यार्क आधी उडतो, पाणी मागे राहतं. सातव्या दिवशी वर चिलटं, नवव्या दिवशी आंबूस वास आणि कडेला बुरशी. १८ तारखेला खड्ड्यात पुरले. हा विषय माझ्यापुरता संपला. संधिवाताच्या ज्या प्रकारात मेथोट्रेक्सेट नावाचं औषध देतात त्यांनी तर कुठल्याही रूपात मद्य पोटात घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावंच, दोन्हींचा भार यकृतावर पडतो.

१५ मे

आज पुन्हा घाबरगुंडी. मी बाजारात गेले होते. आईच्या बोटांचे सांधेही दुखतात, तर तिने मोजे न घालता बोटांना मिरचीची फेणी चोळली, नंतर हात धुतले आणि डोळा पुसला. नुसत्या पाण्याने धुतले होते. मी आले तेव्हा डावा डोळा लाल होऊन सुजला होता. वाहत्या गार पाण्याखाली पंधरा मिनिटं धरला, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बुबुळाला इजा नाही. औषधाचे थेंब आणि रिक्षा मिळून ₹४२०.

डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्याला मिरचीचं मलम चालतं, पण हातांच्या सांध्यांना ते सहसा देत नाहीत, नेमक्या याच कारणासाठी. हात सारखा डोळ्याकडे, तोंडाकडे जातो. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर चौथं म्हणून लिहिलं. बाटली आता माझ्या कपाटात.

२० मे

बाजू बदलून दोन आठवडे. उजवा (आता मिरची) ६ वरून ४. डावा (आता नुसती फेणी) ४ वरून ५. मिरची ज्या गुडघ्याला, तो उतरतो. एवढ्यावर मी तरी समाधानी आहे. आजपासून दोन्ही गुडघ्यांना मिरची.

दोडामार्गाहून बहिणीचा फोन. तिच्या सासूबाईंचे गुडघे आईसारखेच आहेत, एक बाटली पाठव म्हणाली. अंतर तासाभराचं, पण मध्ये राज्याची हद्द. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे, आणि नाक्यावरच्या माणसाला "ही गुडघ्यांची आहे" म्हणून काय सांगणार? फेणीचं औषध फेणीशिवाय द्यायचं कसं, हा प्रश्न इथे पहिल्यांदा पडला.

२४ मे : घाणा ४

युक्ती अशी केली. मिरचीचा फेणी-अर्क भिरंडेलात घालायचा, ढवळत ऊन करून मद्यार्क उडवायचा, मागे मिरचीचा अंश भिरंडेलात राहील. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, घट्ट असतं, आमच्याकडे टाचांच्या भेगांना लावतात. बाजारात अंड्याएवढे गोळे मिळतात, दोन गोळे ₹१२०.

भिरंडेल वितळवून ५० मिली अर्क ओतला. दोन्ही मिसळेनात, अर्क वेगळा आणि तेल वेगळं. म्हणून गॅस थोडा मोठा केला.

भप्पकन जाळ उठला. पातेल्याच्या वर निळी ज्योत, हातभर. पातेल्यावर परात उपडी टाकली आणि गॅस बंद केला. माझ्या उजव्या हाताचे केस जळले, खिडकीचा पडदा थोडक्यात वाचला. फेणी ऊन झाली की तिची वाफ पेट घेते, उघड्या जाळावर ती कधीही ठेवायची नाही. प्रयोगशाळेत स्पिरिटची बाटली मी बर्नरजवळ कुणाला ठेवू दिली नसती. स्वयंपाकघरात आपलं डोकं वेगळं चालतं हे आता दोनदा झालं.

घाणा ४ बाद. पातेलंही बाद. नुकसान ₹१२० अधिक पातेलं अधिक आधीच्या अर्काचा अर्धा साठा.

२-३ जून : घाणा ५

चार दिवस स्वयंपाकघरात या कामाला हातच लावला नाही. मग वही पहिल्यापासून वाचली आणि २१ मार्चला मीच लिहिलेलं वाक्य दिसलं : मद्यार्कात आणि तेलात विरघळतो. मग मधे फेणी हवीच कशाला?

आईला हे सांगायला जड गेलं. तिच्या मनात ते आजीचं फेणीचं औषध आहे. पण आजीच्या बाटलीत काम मिरची करत होती आणि फेणी फक्त तिला वाहून नेत होती, असं मला आता दोन महिन्यांच्या नोंदींवरून वाटतं.

खोबरेल १०० मिली
लवंगी मिरची १४ ग्रॅम, शिरांसकट, उन्हात दोन दिवस परत वाळवून
भिरंडेल

बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात, पाणी ६० ते ७० अंश, दोन तास. पाणी आधी तापवून, गॅस बंद करून मगच बरणी ठेवायची, पाणी निवलं की बदलायचं. गाळून ८४ मिली तेल. त्यातल्या ४० मिलीत ६० ग्रॅम भिरंडेल घातलं. सकाळी बघते तर दगड. चमच्याने खरवडावं लागलं, कातडीवर दाबून चोळायला लागतं आणि आईला ते सोसत नाही.

परत वितळवलं, उरलेलं तेल आणि आणखी ५६ मिली साधं खोबरेल घालून भिरंडेलाचं प्रमाण जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आणलं. आता बोटाला येतं, गुडघ्यावर विरघळतं. मात्र साधं तेल घातल्याने तिखट उतरला. मनगटावर फक्त ऊब.

५ जून : घाणा ६

पाऊस आला. मिरच्या आता वाळणार नाहीत, म्हणून मे अखेरीस वाळवून डब्यात भरलेल्या शेवटच्या वापरल्या. खोबरेल १०० मिली, मिरची १४ ग्रॅम, गाळून निघालेल्या तेलातलं ६० मिली आणि भिरंडेल २५ ग्रॅम. साधं तेल मागाहून अजिबात घालायचं नाही. मनगटावर चुरचुर घाणा ३ सारखीच. तेलातलं साखरेच्या पाण्यात पातळ होत नाही, त्यामुळे चाखणी करता आली नाही, मनगटावरच भरवसा.

डब्या उकळून पूर्ण कोरड्या केल्या. पाण्याचा एक थेंब राहिला तरी पावसाळ्यात बुरशी धरते. (मागाहून भर : घाणा ५ ची एक डबी दहाव्या दिवशी तशी गेली.)

२३ जून

घाणा ६ चे अठरा दिवस. दोन्ही गुडघे ४, कधी ३. पावसात दरवर्षी दुखणं वाढतं असं आई म्हणते, यंदा वाढलेलं नाही. वास नाही, चादर खराब होत नाही, सकाळीही लावता येतं. फेणीचा लावल्या लावल्या येणारा गारवा नाही, त्याची आठवण ती काढते.

पायऱ्या उतरताना अजून कठडा धरते. मांडी घालून बसता येत नाही. झीज झालेला सांधा यातला कुठलाही घाणा भरून आणत नाही, आणि व्यायाम एक दिवस चुकला तर त्या दिवसाची नोंद लगेच वाईट दिसते.

दोन डब्या दोडामार्गाला गेल्या. सोबत वहीचं पहिलं पान हाताने उतरवून दिलं.

१४ जुलै : हिशेब

फेणी दोन बाटल्या १,०००
मिरच्या १८०
भिरंडेल (तीनदा) ३००
खोबरेल २६०
मलमल, डब्या, हातमोजे ३४०
बेदाणे ८०
डोळ्यांचं औषध आणि रिक्षा ४२०
पातेलं ६५०
एकूण ₹३,२३०. दिवस १२०.

औषधाच्या दुकानात मिरचीच्या अर्काच्या मलमाची नळी याहून कितीतरी कमी पैशांत मिळते, तिच्यावर टक्केवारी छापलेली असते. घाई असलेल्याने सरळ ती घ्यावी. आईने ती एकदा हातात घेऊन परत ठेवली होती. घरच्या औषधाला मात्र ती नाही म्हणाली नाही, रोज दोनदा, जवळजवळ तीन महिने. खाडा न पडणं हेच जर या औषधाचं अर्धं काम असेल तर ₹३,२३० मला जड वाटत नाहीत.

१८ जुलै

काल आषाढी. सकाळी आणि संध्याकाळी घाणा ६ लावला. आई देवळात खुर्चीवर का होईना, भजन संपेपर्यंत साडेतीन तास बसली. कुणी उठून गेलं नाही. रात्री एकदा जाग, सकाळी ताठरपणा १० मिनिटं. "काल राती गुडघे आठवाक नाय," म्हणाली.

डबीत चार दिवसांपुरतं उरलं आहे. मिरच्या संपल्या. उद्या वाळपईच्या बाजारातून १४ ग्रॅमला पुरतील एवढ्या आणायच्या, तव्यावर कोरड्या करायच्या (अंगणात, वारा पाठीकडून), घाणा ७. थोडी फेणी शिल्लक आहे, ती काकींना देणार.